मेस्सेर लापोंची करवत

चाळीस वर्षं मी हत्यारांना धार लावतोय. आता बोटं वळत नाहीत, झोपही पुरत नाही. पण फेब्रुवारीत बागांची छाटणी आली की कानस हातात घ्यावीच लागते.

त्या सकाळी टेकडीवरच्या बागेचा माळी बेत्तो त्याच्या मालकांची, मेस्सेर लापोंची करवत घेऊन आला. पात्यावर सोनेरी द्राक्षवेल, मूठ हस्तिदंती. हौशी मालकांचं हत्यार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मालक नोव्हेंबरातच वारले होते.

"दात बघ, नोफ्री."

दातांत नासपतीचा ओला भुसा अडकला होता.

"पेटीला कुलूप असतं रे," बेत्तो हळूच म्हणाला. "विहिरीत टाकून बघितली... सकाळी परत पेटीत."

त्या घरात मूल जन्मलं की मालक स्वतः नासपतीचं झाड लावत. नाताळात थोरल्याचं झाड बुंध्याशी कापलेलं सापडलं, आणि त्याच दिवशी थोरला गेला. मग मधला. आता आठ वर्षांची लिझाबेत्ता तेवढी उरली होती, आणि तिच्या झाडाला बोटभर खाच पडली होती. पोर तापाने फणफणली होती.

"दातच घासून टाकतो," मी म्हणालो. "बोथट करवत काय कापणार, कपाळ?"

आठ दिवसांनी मालकीणबाई दिआनोरा स्वतः आल्या, पायी. दार लावून त्यांनी शालीआडची करवत बाकावर ठेवली.

"झाड रोज केसभर कापलं जातंय, नोफ्री. पोर रात्रंदिवस किंचाळते... आई, घासतंय म्हणते."

बोथट हत्याराने झाडाचे हाल होतात, हे मी जन्मभर माळ्यांना ओरडून सांगत आलो होतो.

"धार लाव."

"बाईसाहेब, तुम्ही आई आहात..."

"म्हणूनच."

मी एकेक दात कानसला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता. बाई शेजारी बसून होत्या. काम संपवून मी हात धुवायला वळलो. परत बघितलं, तर बाकावर नुसती कानस पडली होती. दाराची कडी आतून तशीच होती.

बाई बंद दाराकडे बघून पुटपुटत होत्या, "सावकाश नको हो... एकाच झटक्यात कापा."