दोन लवंगांचा विडा

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते हंबीरराव आजही साताऱ्यात राहतात, रोज सकाळी पिशवी घेऊन दुधाला जातात. पटो न पटो, घडलं तसं सांगतो.

गेल्या वर्षीचा चैत्र. वडूजच्या अलीकडचं एक गाव, हंबीररावांची सासुरवाडी. नाव मुद्दाम देत नाही. यात्रेचा दुसरा दिवस, दुपारचे तीन.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. हजारभर माणूस बसलेलं होतं.

त्या दिवशी गावात सकाळपासून बँडचा सामना असतो. मांडवात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एकीनं वाजवायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. मिरजेच्या पार्टीचे मास्तर मुजीबभाई. त्यांच्या क्लॅरिनेटसाठी लोक लांबून येतात.

फर्माईशीला तिथं चिठ्ठी चालत नाही. पार्टीपुढच्या ताटात विडा ठेवायचा आणि गाणं सांगायचं. विड्याला एक लवंग टोचलेली असते.

बनुबाईंच्या विड्याला दोन असायच्या.

बनुबाई म्हणजे हंबीररावांची बायको. पुरुष मांडवात, बायका पलीकडं लिंबाखाली. त्या गोंगाटात हाक पोचत नसे. म्हणून घरी निघायचं झालं की बनुबाई कुणाच्या तरी हाती दोन लवंगांचा विडा पाठवायच्या. मुजीबभाई काही न विचारता एक जुनी गवळण वाजवायचे. ती वाजली की हंबीररावांनी उठायचं. फौजेतून परत आल्यापासून दर यात्रेला हेच चाललं होतं.

त्याच्या आदल्या वर्षीही गवळण वाजली होती.

पण सामना रंगात आला होता. हंबीरराव मनात म्हणाले, बसंल की जरा.

अर्ध्या तासानं सामना संपला, तेव्हा ते लिंबाखाली गेले. बनुबाई बुंध्याला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. बायकांना वाटलं, डुलकी लागली असेल.

हात गार पडला होता.

हंबीरराव वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "मला ऐकूच आलं न्हाई गं."

खोटं बोलले. तेही तिच्या कानात. दुसऱ्या कुणी ते ऐकलं नाही.

पुढं वर्षभर त्यांनी कुठलंच गाणं ऐकलं नाही. शेवटी बनुबाईंचा भाऊ नानासो गाडी घेऊन दारात आला.

"चला दाजी. घरात बसून भिंती खाया लागतील तुमास्नी."

"नगं रं, नानासो."

"आवं, दहिवडीकडच्या पार्टीत नवा ढोलवाला आलाय. पोट कुठलं आन् ढोल कुठला, कळत न्हाई. त्याला बघाया तरी चला!"

हंबीरराव वर्षात पहिल्यांदा हसले. आणि गेले.

मांडवात जागा मिळाली ती नेमकी जुनीच. खांबाजवळची.

सामना चालू होता. ढोलवाला खरंच तसा होता. लोक शिट्ट्या मारत होते, मोबाईल वर धरून होते. हंबीररावांची नजर मात्र सारखी लिंबाकडं जात होती.

ऊन तापलं होतं. बायका सावलीसाठी एकमेकींना खेटून बसल्या होत्या. पण बुंध्यापाशी...

एका माणसाची जागा मोकळी होती.

सगळ्यात गार सावली तिथंच. कुणी तिथं सरकत नव्हतं.

"नानासो, तिथं कोण बसलंय का रं?"

"कुठं? न्हाई की."

इतक्यात मुजीबभाईंनी वाजवता वाजवता हात वर केला. ढोल थांबला. समोरची पार्टीही थांबली. मांडव गप्प झाला.

आणि मग... क्लॅरिनेटवर तीच गवळण.

हंबीररावांना उठायचं होतं. पाय उचलेनात.

गवळण संपली. ते बसलेलेच.

मुजीबभाईंनी पुन्हा सुरुवातीपासून धरली. या वेळी जोरात. गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत.

हंबीरराव खांबाला धरून उठले. माणसं तुडवत पार्टीपुढं गेले.

"मुजीबभाई, हे का वाजवलं?"

मुजीबभाईंनी घाम पुसला. "का म्हंजे? तुमच्या घरनं इडा आला की, सुभेदार."

आदल्या वर्षी सामना संपताच मिरजेची पार्टी निघून गेली होती. त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं.

हंबीररावांनी ताटात पाहिलं. हिरवागार विडा. वर पाण्याचे थेंब.

दोन लवंगा.

"कुणी आणून दिला?"

"वहिनी सोता आल्या. दर साली दुसऱ्याच्या हाती पाठवत्यात, यंदा सोता. लय दमलेल्या दिसल्या बगा."

"काय... काय म्हणाली?"

"म्हणाल्या, गेल्या साली त्यास्नी ऐकूच गेलं न्हाई. यंदा जरा मोठ्यानं वाजवा."

हंबीररावांनी लिंबाकडं मान वळवली.

बुंध्यापाशी आता दोन माणसांची जागा मोकळी होती.

नानासोनं त्यांना धरून गाडीत बसवलं. मुजीबभाईंना खरं कळलं तेव्हा त्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. त्या दिवशी पुन्हा वाजवलं नाही.

साताऱ्याला आल्यावर हंबीरराव बायकोच्या फोटोपुढं उभे राहिले. खरं सांगून टाकायचं होतं. मला ऐकू आलं होतं, मी उठलो नाही, एवढंच. तोंडातून शब्द निघाला नाही. तेव्हापासून रोज उभे राहतात. रोज तसंच होतं.

आता पुन्हा चैत्र आला आहे. काल नानासोचा फोन आला.

"दाजी, यंदा नगं जायाला. माझं ऐका."

"मी जाणार हाय," हंबीरराव म्हणाले. "या खेपंला लगीच उठणार."

ती गवळण वाजली की बनुबाईंना काय म्हणायचं असे, ते नानासोलाही ठाऊक होतं.

उठा... चला माझ्यासंगं.