घड्याळाच्या पट्ट्याखाली

मंगळवारी दुपारी दोन बहिणी माझ्या ऑफिसात आल्या. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान. त्याचं यंत्र सुरू झालं की माझ्या टेबलावरचं पाणी ग्लासात थरथरतं. थोरलीने खुर्ची ओढून धाकटीला बसवलं आणि स्वतः उभीच राहिली.

"वकीलबाई, हिच्या चित्रांची चोरी होतेय," थोरली म्हणाली. "आणि लोक हिलाच चोर ठरवतायत."

धाकटी पडद्यांच्या कापडासाठी नक्षी काढायची. नऊ वर्षं एका कापड कंपनीत होती. मग कंपनीने नक्षी काढणारं मशीन आणलं, तिला न विचारता तिची सगळी जुनी चित्रं त्याला शिकवली, आणि वर्षभरात तिला नारळ दिला. आता ती घरी बसून लहान दुकानांसाठी काम करत होती. पण तिने घरी काढलेली प्रत्येक नवी नक्षी कंपनीच्या कॅटलॉगात आधीच हजर असायची. दुकानदार तिला दारातूनच परत पाठवू लागले होते.

त्या वर्षी अशा तक्रारी माझ्याकडे बऱ्याच येत होत्या. कुणाचा आवाज मशीनने उचललेला, कुणाचा चेहरा. मला प्रकरण सरळ वाटलं. मी नोटीस धाडली.

आठ दिवसांत उत्तर आलं. सोबत तारखा होत्या. प्रत्येक नक्षी मशीनने आधी काढली होती आणि बाईंनी नंतर. कुठे दोन आठवड्यांनी, कुठे दोन महिन्यांनी.

मी धाकटीला बोलावून घेतलं. थोरली अर्थातच बरोबर आली.

"खरं सांगा," मी म्हणाले, "कॅटलॉग बघून काढता का? माझ्यापासून लपवाल तर कोर्टात माझंच नाक कापलं जाईल."

धाकटीच्या उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती, काहीतरी गिरवत होती.

"मी कॅटलॉग उघडतच नाही आता," ती म्हणाली. "भीती वाटते."

"कसली?"

"पुढचं दिसेल म्हणून."

हे उत्तर मला आवडलं नाही. पाठ करून आल्यासारखं वाटलं. मी दोघींचे फोन बाहेरच्या खोलीत ठेवले, माझ्या खणातला कोरा कागद काढला, आणि विषयही मीच द्यायचा ठरवला. मनगटावरचं घड्याळ सोडलं. पट्ट्याखाली एक जुना व्रण आहे. लहानपणी खिडकीच्या काचेत हात गेला होता, त्याचे सात टाके. घरातली माणसं सोडली तर तो कुणी पाहिलेला नाही.

"यावरून काढा," मी म्हणाले.

तिने माझा हात हातात घेतला, उजेडाकडे वळवला, आणि वीस मिनिटांत सात पेरांची एक वाकडी वेल कागदावर उतरवली. सुंदर होती. माझ्या त्या कुरूप टाक्यांची इतकी देखणी गोष्ट होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. काढून होते न होते तोच थोरलीने पाण्याचा ग्लास चुकून कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. ओलं वर्तुळ उमटलं. "धांदरट आहे मी," ती म्हणाली. मी कागद तसाच पाकिटात घातला, सील केलं आणि तिघींनी सह्या केल्या.

मशीनची चित्रं तपासायची परवानगी मी मागितली आणि कंपनीने हरकत घेतली नाही. उलट "उद्याच या" म्हणाले. ते मला खटकलं. एवढा साळसूदपणा फुकट मिळत नसतो.

कंपनीचे कायदा अधिकारी सडपातळ, अदबशीर गृहस्थ होते. नखं मात्र कुरतडून कुरतडून मांसापर्यंत गेलेली. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं आणि संगणकाचा पडदा चालू केला.

"मशीन ज्याच्या चित्रांवरून शिकलं, त्याच्या हातानुसार वर्गवारी करतं," ते म्हणाले. "हा कप्पा तुमच्या बाईंच्या हातचा."

मी एकेक नक्षी सरकवत गेले. वेल शेवटाकडे सापडली. सात पेरं. तारीख चार महिन्यांपूर्वीची. तेव्हा या बहिणींचं तोंडही मी पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यात फिकट वर्तुळ होतं.

"हा काय डाग?" मी विचारलं.

"आम्हालाही कळला नाही. पुसून पाहिला, जात नाही."

खाली मशीनने दिलेलं नाव होतं: 'घड्याळाच्या पट्ट्याखाली'.

मी हात मांडीवर घेतला. अधिकाऱ्यांची नजर माझ्या मनगटाकडे गेली आणि तिथेच थांबली. मला त्यांचा संशय येत होता, त्यांना माझा.

"आमच्या आतल्या कुणाकडून तुम्ही बाईंना ही चित्रं दाखवून तर घेत नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हेच मी तुम्हाला विचारणार होते."

आम्ही दोघंही हसलो नाही.

"यानंतर काय आहे?" मी म्हणाले.

तीन चित्रं होती. किल्ल्यांच्या जुडग्यावर बसलेले पक्षी. गोल फेर धरलेले मासे. तिसऱ्यात नक्षी नव्हतीच. नुसती एक रेघ, दोनदा वळून कागदाच्या उजव्या कडेबाहेर गेलेली.

"आणि पुढे?"

"पुढे नाही. चार महिने झाले, मशीनने या हातचं एकही काढलेलं नाही. बाकीच्यांची रोज येतात."

परतताना मी स्वतःला समजावलं, की हा धाक दाखवायचा प्रकार आहे. केस मागे घ्यावी म्हणून. असल्या गोष्टी सांगायला मी वकील झालेले नाही. बहिणींना मी वेलीबद्दल सांगितलं, पुढच्या तीन चित्रांबद्दल नाही.

दोन आठवड्यांनी कंपनीने आपण होऊन समझोता पुढे केला. तिची सगळी चित्रं कॅटलॉगातून काढतो, ती चोर नाही असं पत्र देतो. माझ्या मते त्यांनाही तो कप्पा घरात नको होता. धाकटी ऐकून रडली.

सहीच्या दिवशी दोघी सकाळीच आल्या. धाकटीचा चेहरा खुलला होता. तिने माझ्यापुढे एक कार्ड ठेवलं. "तुमच्यासाठी. खालच्या दुकानावरून सुचलं."

किल्ल्यांच्या जुडग्यावर पक्षी बसले होते.

"आणि ही बघा," थोरलीने खांद्यावरची कापडी पिशवी पुढे केली. "काल दिवसभर बसून रंगवली माझ्यासाठी."

मासे. गोल फेर धरलेले.

खाली किल्लीवाल्याचं यंत्र सुरू झालं. प्रिंटरमधून समझोत्याची पानं एकेक करून बाहेर येत होती. सांगावं तर काय सांगावं? आणि इतक्या दिवसांनी ती हसत होती.

धाकटीने सहीसाठी माझं पेन घेतलं होतं. बहिणीशी बोलता बोलता तिने समोरचा रद्दी कागद ओढला आणि पेन टेकवलं.

"पेन द्या इकडे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"थांबा हो, एवढी एक रेघ पुरी करते."

मी उठले. मधे टेबल होतं.

रेघ एकदा वळली.

पुन्हा वळली.

मी तिच्या मनगटापर्यंत पोचले तेव्हा पेन कागदाच्या कडेवरून टेबलाच्या लाकडावर उतरलं होतं आणि थांबलं होतं. मनगट ऊबदार होतं. तिने माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. पडद्यांचं स्वतःचं छोटं दुकान कुठे काढायचं ते ती थोरलीला सांगत होती.

"घ्या तुमचं पेन," ती म्हणाली, पण पेन धरलेला हात जागचा हलला नाही.

तिने डावा हात पुढे केला, स्वतःच्याच उजव्या हाताच्या बोटांतून पेन हलकेच सोडवून घेतलं, आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशी त्या हाताला म्हणाली, "थँक यू हं."