पाठाऱ्यांचा पत्ता

अठ्ठ्याण्णवच्या अणुचाचण्यांनंतर वाशी स्टेशनवरच्या एका सरकारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरांत परके देश डोकावू लागले. श्यामसुंदरला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. देश म्हणजे तरी काय, सोसायटीतले शेजारीच. भिंतीला कान लावायचा आणि जिन्यात भेटलं की हसून ‘काय म्हणताय?’ विचारायचं.

कोण डोकावतंय ते शोधणं त्याचं काम. त्यानं गळ टाकला: धर्मराज पाठारे नावाच्या शास्त्रज्ञाची खोटी फाइल. माणूस मनातला, पत्ता मात्र स्वतःच्या सानपाड्याच्या फ्लॅटचा. कुणी चौकशीला आलंच तर आपल्याला आधी कळेल. स्वतःच्या हुशारीवर तो जाम खूश होता.

फाइल आधी एका देशानं उघडली, मग दुसऱ्यानं. मग दिल्लीहूनच फोन आला, हे पाठारे कोण, आमच्यापासून का लपवले? असा माणूसच नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलं. पलीकडचे साहेब समजूतदारपणे हसले. या धंद्यात कुणी नाही म्हटलं की सगळ्यांची खात्रीच पटते.

त्या संध्याकाळी त्याची बायको वैजयंती म्हणाली, “अहो, तुमचे पाठारे येऊन गेले. चहा घेतला.”

श्यामसुंदरनं आधी दाराला कडी लावली. कुणाचा हेर? “दिसायला कसे होते?”

“उंच. बोलताना डावा खांदा उडवतात.”

ही लकब त्यानं नुसती मनात ठरवली होती. फाइलमध्ये लिहिली नव्हती.

“परत आला तर दार उघडू नकोस!” तो ओरडलाच. वैजयंतीनं पाठाऱ्यांचा कप विसळून जपून वर ठेवला. ते त्याला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात कारलं निघालं. कारलं तो कधी तोंडात धरत नसे.

त्यानं घरी फोन लावला. पुरुषाचा आवाज आला.

“पाठारे बोलतोय.”

मागे वैजयंती हसत होती.

फोन आपटून त्यानं फाइल पुसली. सगळ्या प्रती पुसल्या. घर वाचलं, असं वाटून त्याला रडूच फुटलं. त्यानं रिक्षा केली; ती घाऊक मार्केटच्या कांद्याच्या वासातून सानपाड्याकडे धावली.

दारावरच्या पाटीवर ‘धर्मराज पाठारे’ असं नाव होतं. दार वैजयंतीनं उघडलं. डोळे सुजलेले. कपाळ मोकळं.

हॉलमध्ये सतरंजीवर शेजारीपाजारी बसले होते. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

ती बाजूला झाली.

“या. दुपारीच कळलं आमाला,” ती म्हणाली. “तुमी ह्यांच्या ऑफिसातले का?”