बाबांचा चेहरा कुठाय?

आमच्या फ्रेमच्या दुकानात तो शिरला, तेव्हा माझ्या हातात काच होती, म्हणून मी मान वर केली नाही. त्याने काउंटरवर फोटो मांडले. त्याच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. सगळ्या फोटोंना काळ्या फ्रेम हव्या होत्या. काच बाजूला ठेवून मी एकेक फोटो उचलत गेले... आणि थांबले.

लाकडी पट्टीवर हातोडी धरलेले दोन हात. अंगठ्याचं नख काळंनिळं. खांद्यांच्या वर फोटोच नव्हता. खाली लिहिलं होतं – ‘श्रम’.

“हे हात कुणाचे?”

“एका कारागिराचे. जाता जाता कुठल्याशा दुकानाच्या काचेतून टिपले.”

“बाबा, जरा इकडे या.”

बाबा हात पुसत बाहेर आले. त्याने बाबांच्या अंगठ्याचं तेच नख पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

“यांचं डोकं कुठाय?” मी विचारलं.

“चेहरा आला की... नजर तिकडेच जाते. मला फक्त कष्ट दाखवायचे होते.”

“कष्ट काय हात एकटेच करतात? मापं घेऊन घेऊन डोळे अधू झालेत यांचे. बाकीचे करून देते. हा फोटो फ्रेम होणार नाही.”

“अगं, गिऱ्हाईक आहे,” बाबा पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. “काका, न विचारता काढला. चुकलं माझं.” बाबांनी त्याला स्टूल दिलं, वर चहाही पाजला. माझा नुसता तिळपापड. मग तो रोजच येऊ लागला. पट्ट्या धरायचा, बाबांशी गप्पा मारायचा, एकदा त्यांना विचारून कॅमेराही घेऊन आला. माझ्याकडे मात्र बघेल तर शपथ. त्याचा मला राग यायचा, आणि राग येतो म्हणून आणखी राग यायचा.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तो भिजत आला आणि जॅकेटच्या आतून कोरडं पाकीट काढलं. फोटोत बाबा होते. चष्मा कपाळावर, चेहराभर हसू. खाली त्यांचं अख्खं नाव.

“कुणाकडे बघून हसतायत?”

“तुमच्याकडे. तुम्ही काचवाल्याशी भांडत होतात.”

भांडताना माझी पाठ बाबांकडे असते. हे हसू मला ठाऊकच नव्हतं...

मी फ्रेम जोडायला घेतली. नजर कामावरच ठेवून विचारलं, “माझा एकही नाही काढलात?”

“तुमच्याकडे बघताना... कॅमेरा उचलायचं राहून जातं.”

“कितवीला ऐकवताय हे?”

“पहिलीलाच. म्हणून तर अडखळलो.”

माझी हातोडी थांबली.

“अजून रागावलायत?” त्याने हळूच विचारलं.

“हो.”

“आता कशावर?”

“इतके दिवस पट्ट्या धरून बसलात. एवढंसं बोलायला प्रदर्शन तोंडावर यावं लागलं?”

“भीती वाटत होती.”

“वाटायलाच हवी. उद्या मी येणार आहे, बाबांना घेऊन. आणि तिथे सगळ्यांसमोर मला ‘तुम्ही’ म्हणालास, तर याद राख.”