तळपत्र्याखालचा सुस्कारा

ही घडलेली गोष्ट आहे. गाडी अजून आहे, गाडीचा मालकही आहे. गाडी हात लावून बघायची असेल तर दाखवतो. आत बसायला मात्र मला सांगू नका.

शनिवारची संध्याकाळ होती. दिवे लागायची वेळ. गल्लीच्या टोकाला, लाँड्रीच्या मागच्या अंगणात व्हॅन उभी होती आणि तिच्या पोटात उस्ताद गुडघे टेकून बसले होते.

उस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घरातला नळ, शेजाऱ्यांचा पंखा, कुणाच्या चष्म्याची दांडी... दिसेल ते खोलायचं, ही त्यांची खोड. पुन्हा जोडल्यावर ते चालेलच असं नाही. म्हणून उस्ताद.

लाँड्री नवराबायकोची. उस्ताद इस्त्री करायचे, बायको गाडी चालवायची. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरींची गाठोडी आणायची आणि पोचवायची. ओल्या गाठोड्यांनी व्हॅनचा तळपत्रा गंजायला लागला, तेव्हा त्यावर कोटिंग करायचं ठरलं.

बायकोचा धाकटा भाऊ हाच धंदा करायचा.

"भाऊजी, गाडी माझ्याकडे आणा," तो म्हणाला. "पत्रा घासावा लागतो, पुसावा लागतो. पाणी निघून जायला तळाला भोकं असतात, ती झाकून फवारायचं आणि मग मोकळी करायची. ते तुमचं काम नाही."

झालं! 'तुमचं काम नाही' हे उस्तादांना सांगायचं?

"तुझ्याकडे मशीन असेल. माझ्याकडे डोकं आहे," म्हणाले, आणि डबा-ब्रश घेऊन आले.

आता त्या व्हॅनची एक सवय होती. जुनी घेतलेली गाडी, आधी कुणाची होती देव जाणे. इंजिन बंद केलं की जरा वेळाने तळातून आवाज यायचा...

हुश्श...

म्हातारं माणूस दिवसभर राबून टेकावं, तसा. जाडा, घोगरा.

बायको हसायची. "दमली बिचारी!"

उस्तादांना मात्र तो आवाज सहन व्हायचा नाही. भोकांतून वारा शिरतो, दुसरं काही नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग भोकं मोकळी ठेवायचीच कशाला? घासणं-पुसणं गेलं उडत. त्यांनी घट्ट कोटिंग भोकांत कोंबलं आणि वरून ब्रश फिरवला.

शेवटचं भोक बुजवताना बोटाला काहीतरी लागलं...

खालून. गरम. श्वासासारखं.

"वारा," उस्ताद म्हणाले. मोठ्याने म्हणाले. ऐकायला अंगणात कुणीच नव्हतं.

सोमवारी बायको फेरी करून आली. इंजिन बंद झालं. उस्तादांनी इस्त्रीच्या टेबलावरूनच कान टवकारले.

काही नाही.

"बघ! गेला की नाही आवाज?"

बायको उतरली. दाराला धरून उभी राहिली. आणि तिच्या तोंडून आलं...

हुश्श...

जाडा. घोगरा.

चादर करपल्याचा वास आला तेव्हा उस्ताद भानावर आले.

"काय गं, घसा बसलाय का?"

"माझा? नाही तर. आधी ती इस्त्री उचला!"

आवाज तिचाच. नेहमीचा.

पण मग ते रोजचंच झालं. गाडीतून उतरताना हुश्श... जेवताना हुश्श... झोपेतसुद्धा. तिला गाठोडं उचलवेना. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, विश्रांती घ्या. तिने गाडी सोडली, अंथरूण धरलं. तरी ती खंगतच चालली.

एका संध्याकाळी उस्ताद व्हॅनमध्ये डोकावले. बुजवलेल्या भोकावर कोटिंगला फुगा आला होता.

तो वर यायचा... खाली जायचा...

घराच्या खिडकीतून अंथरुणावरच्या बायकोचा श्वास ऐकू येत होता. तिने घेतला की फुगा वर. तिने सोडला की खाली.

उस्तादांनी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी मदतीला बोलावलं.

"भोकं बुजवली?" मेहुणा फोनवर ओरडला. "भाऊजी, तुमच्या तावडीत माणूस सापडला, तर त्याचं नाकही बुजवाल!"

त्याने गाडी ओढून वर्कशॉपवर नेली. बायको हट्टाने सोबत आली आणि तिथल्या स्टुलावर बसून राहिली. पत्रा घासलेलाच नव्हता, त्यामुळे उस्तादांची सगळी कारागिरी सायीसारखी निघून आली. मेहुणा हसत हसत भोकं मोकळी करत होता.

शेवटचं भोक उघडलं... आणि त्याचं हसू थांबलं.

"इंजिन तर गार आहे," तो हळूच म्हणाला. "मग ही गरम हवा..."

त्याच क्षणी बायको ताडकन उठली.

"चला! मला भूक लागलीय."

मेहुण्याने पत्रा नीट घासला, भोकं झाकून कोटिंग फवारलं, वाळल्यावर भोकं मोकळी केली. गाडी घरी आली. पहिल्याच फेरीनंतर तळातून आवाज आला, हुश्श... उस्तादांना हायसं वाटलं. त्यांनी चक्क मेहुण्याचं कौतुक केलं.

बायको तर दोन्ही काखांत गाठोडी मारून धावायला लागली. कुठे टेकणं नाही. जांभई नाही.

"दमली नाहीस?"

"दमायला काय झालंय?" ती हसायची.

मग एके दिवशी गाडीला सुट्टी होती. सकाळपासून जागची हललेली नव्हती. उस्ताद आत झाडू मारत होते.

हुश्श...

या वेळी घोगरा नव्हता. बारीक होता. थकलेला.

त्यांनी पालथं पडून भोकाला कान लावला.

"अहो..."

हा आवाज उस्ताद गर्दीतही ओळखतील. इतकी वर्षं याच हाकेने तर ते जागे होत आलेत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, टवटवीत आवाजात.

"अहो, जेवायला येताय ना?"

त्यांनी फक्त मेहुण्याला सांगितलं. तो आला. भोकाला कान लावला. ती हाक त्यालाही ऐकू आली.

"बुजवून टाकायची का, भाऊजी?" त्याने विचारलं.

"तूच सांग बाबा," उस्ताद म्हणाले. "तू तिचा भाऊ आहेस."

"कुठलीचा?"

भोकं अजून उघडीच आहेत. उस्ताद हल्ली अंथरूण गाडीतच टाकतात, भोकाशी डोकं करून. बायको काही म्हणत नाही. खिडकीत उभी राहून बघत असते.

ती आता झोपतच नाही...