ढोलातली खूण

आमच्या चाकावर कुणीतरी ताल धरला होता.

कर्जतच्या बाजारात, लोहाराच्या भट्टीसमोर, मी ते नवंकोरं चाक उभं करून ठेवलं होतं. त्याच्यावर लोखंडी धाव चढवायची होती. बा लोहाराशी बोलत होता. मी पाणी प्यायला जरा वळले, तेवढ्यात मागून टक... टकटक... टक! पाहते तो एक उंचेला तरुण, काखेत पिशवी, हातात दोन बारीक काठ्या, आणि डोळे मिटून आमच्या चाकाच्या आऱ्यांवर अगदी रंगात आलेला.

"चाक हाय ते," मी म्हटलं. "बैलगाडीचं. त्याच्यापुढं तमाशा नाय करायचा."

त्यानं डोळे उघडले. मोठे होते. उगाच मोठे.

"बाभळीचं नं?"

"मग काय चंदनाचं?"

"नाय, म्हणजे... सगळे आरे एकसारखे बोलतात. असं चाक म्या आजवर ऐकलं नाय."

चाक ऐकलं नाय! लोक चाक बघतात, हलवून बघतात, उगाच नाक मुरडून बघतात. ऐकणारा हा पहिलाच. मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

"कोणी केलं?" त्यानं विचारलं.

"माझ्या बानं."

हे खोटं होतं. दोन वर्षांपूर्वी लाकूड तासायचा वाकस घसरून बाची उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून आमच्या घरचं चाक काय, ढोलकीचं खोड काय, सगळं मीच करत होते. पडवीला तट्ट्या लावून आत मी रंधा मारायचे, आणि बाहेर बा बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पान द्यायचा. आमच्या दहिवलीत सगळे म्हणायचे, बुधाजी सुताराचा हात अजून तसाच आहे. पोरीनं केलेलं चाक कोण गाडीला लावणार? म्हणून आम्ही गप्प होतो. मला त्याचं काही वाटत नसे. एकच गोष्ट सलायची. आमच्या घरात ढोलकीच्या खोडाला आतून एक खूण करतात... उभी रेघ आणि तिच्यावर दोन आडव्या. वर कातडं चढलं की ती कुणाला दिसत नाही. पण बानं आत हात फिरवून काम पारखल्याशिवाय ती होत नाही. आणि माझ्या कामाला बानं ती खूण एकदाही केली नव्हती.

"बरं हाय," म्हणायचा आणि कोरायची पटाशी बाजूला ठेवायचा.

तर तो काठीवाला. नाव वाल्मिक, गाव खालापूर. खोपोलीची गाडी चुकली म्हणून बाजारात भटकत होता. बोलता बोलता बाला कळलं की हा सुताराचाच पोरगा, पण घरचा रंधा सोडून मुंबईला गेला, गोऱ्यांच्या नाचाला वाजवणाऱ्या बँडात शिरायला. बाचं तोंड तिथंच आंबट झालं.

"हत्यार टाकून काठ्या धरल्या," बा म्हणाला. "तुझा बाप काय म्हणतो?"

"बोलत नाय माझ्याशी," वाल्मिक म्हणाला. त्यानं हे हसत सांगितलं, पण मान खाली घालून.

त्याचं काम मात्र नवलाचं होतं. गोऱ्यांच्या लढाईमुळं विलायती ढोल येणं बंद. त्यानं मुंबईच्या जुन्या बाजारातून एक मोडका संच घेतला होता. ढोलाच्या तोंडावर बसणारी लोखंडी कडी, तारा, खिळे सगळं शाबूत, पण लाकूड पावसानं कुजलेलं. त्याला ढोलाची नवी खोडं हवी होती. एक मोठा ढोल, एक तारांचा चपटा, एक मधला. दिवाळीनंतर एका हॉटेलच्या बँडात त्याची परीक्षा होती. स्वतःचा संच असेल तरच उभं करणार होते.

"मोठा कसा वाजवतात?" बानं विचारलं.

"पायानं."

"पायानं? वाद्याला पाय लावणार?"

"पाय ढोलाला नाय लागत, काका. खाली एक पट्टी असते, तिला लागतो. आणि मी बसायच्या आधी रोज पाया पडतो त्याच्या."

बानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. काम घेतलं.

*

लाकूड निवडायला तो दहिवलीला आला, त्या दिवशी मी तट्ट्या लावल्याच नाहीत. चाक ऐकणाऱ्या माणसापासून काय लपवणार? त्यानं माझ्या हातातला रंधा पाहिला, बाच्या हाताकडं पाहिलं, आणि काही न बोलता बसला. ते मला आवडलं.

"सगळे सागाचे करा," तो म्हणाला. "मुंबईत सागाला मान हाय."

"मुंबईत सागाच्या खुर्च्या करतात," मी म्हटलं. "डोळे मिटा."

"का?"

"मिटा म्हणते ना!"

मी चार तुकडे सुतळीला टांगले आणि एकेकावर टिचकी मारत गेले.

"हा जड. वाजल्यावर लगेच गप बसतो," तो म्हणाला. तो साग होता. "हा... ह्याचं पोट मोठं. मोठ्या ढोलाला हा." फणस. "हा बरा, पण भोळा." आंबा. मग मी शिवणीच्या लाकडावर टिचकी मारली, आणि त्याची मान आवाजाकडं कलली.

"हा पुन्हा मारा."

मी मारली.

"हा बाकीच्या दोघांना," तो हळूच म्हणाला. "आणि मगाशी मधेच एक वाजला, तो पाचवा कुठला? बारीक... काचेसारखा?"

मी हात मागं घेतला. माझ्या बांगड्या होत्या.

"तोबी पायजे," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"तो इकायला नाय!"

आत आईनं भांडं आपटलं. म्हणजे तिलाही ऐकू गेलं होतं.

मग मापं. कड्यांमुळं रुंदी ठरलेली होती, खोली आपण ठरवायची. मी त्याला पाटावर बसवलं आणि सुतळीनं मापायला लागले. गुडघा कुठं येतो, हात किती पुढं जातो, काठी खाली येताना कोपर कुठं राहतं. सुतळीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. तो मुद्दाम हात लांब करायचा, म्हणजे मला पुढं सरकावं लागायचं.

"सरळ बसा! वाकडं माप दिलं तर वाकडा ढोल मिळंल."

"मिळू दे. घेऊन पुन्हा येईन."

माझे कान तापले. बाहेर बा जोरात खोकला, म्हणून बरं झालं.

*

त्यानंतर मी कामाला लागले ती तहानभूक विसरून. चाकाच्या घेराला पाटे जोडतात तशा फणसाच्या पट्ट्या गोल जोडून मोठा ढोल केला. तारांचा चपटा शिवणीतून कोरून काढला. आणि मग मधला... त्याच्यावर माझा जीव होता. तो त्याच्या उजव्या हाताशी राहणार होता. रोज संध्याकाळी मी त्याच्या आतून हात फिरवायचे आणि मला वाटायचं, ह्याला बा खूण करणारच.

वाल्मिक कडी घेऊन आला. मोठ्याला बसली. चपट्याला बसली. मधल्याच्या एका तोंडाला बसली... आणि दुसऱ्या तोंडाला खुळखुळली.

बानं आत हात घातला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, आणि हसला.

"ढोलकी केलीस गं, जिजा."

पाहिलं तर खरंच! जन्मभर ढोलकीची खोडं पाहिलेली, केलेली. ढोलकीचं एक तोंड मोठं, एक लहान. मन दुसरीकडं होतं, कुठं होतं ते सांगत नाही, आणि हात आपल्या सवयीनं उतार देत गेला. दुसऱ्या कुठल्या सुताराकडून असं झालं नसतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

वाल्मिकनं माझा चेहरा पाहिला आणि पटकन म्हणाला, "असू दे. चालंल! कड्याखाली कापड गुंडाळतो. कोणाला कळणार हाय?"

"काय म्हणालात?"

"चालंल म्हटलं..."

"आमच्या घरातून 'चालंल' असलं काम बाहेर जात नाय!"

"अगं, पण हाताला फोड आलेत तुझ्या. मी तुझ्यासाठीच..."

तो पहिल्यांदाच मला 'अगं' म्हणाला होता. एरवी मी विरघळले असते. पण त्या घटकेला मला फक्त राग दिसत होता.

"माझ्या हाताची एवढी काळजी असंल तर हाताच्या कामाला चालंल म्हणू नका. फोड बरे होतात. हे नाय होत."

त्याची मान पुन्हा तशीच खाली गेली, बापाचं नाव निघालं होतं तेव्हासारखी. मी ते फसलेलं खोड उचललं आणि चुलीकडं निघाले, तर त्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"हे मी नेतो."

"त्याच्यावर कातडं चढवून वाजवलंत तर याद राखा!"

"नाय वाजवणार," तो म्हणाला, आणि खोड खांद्यावर टाकून नदीच्या वाटेला लागला. वळून पाहिलं नाही. मीही पाहत नव्हते. तो वळणाआड जाईपर्यंत पाहत नव्हते, एवढंच!

आता शिवण कुठून आणायची? घरात एकच ओंडका उरला होता. मी जन्मले तेव्हा बानं तो आढ्याला बांधला होता, माझ्या लग्नाच्या चौरंगासाठी. सुताराच्या घरात मुलीच्या नावानं असं लाकूड ठेवतात. मी शिडी लावून तो खाली काढला. बा दारात उभा होता.

"चौरंगाचं हाय ते."

"चौरंग आंब्याचाबी होतो," मी म्हटलं. "हा ढोल आंब्याचा नाय होत."

दुसरा मधला ढोल मी मन जागेवर ठेवून केला. रागानं केला, मानानं केला, आणि खरं सांगायचं तर प्रेमानंही केला. झाल्यावर बापुढं ठेवला. बानं उरलेली बोटं आतून फिरवली, सावकाश, पुन्हा एकदा, आणि अजून एकदा. मग पटाशी मागितली. त्या मोडक्या हातात ती धरवत नव्हती, तरी त्यानं ती डाव्या हाताचा आधार देऊन धरली, आणि आत कोरली... उभी रेघ, वर दोन आडव्या. तिन्ही ढोलांत.

मी परसात जाऊन मनसोक्त रडले. एवढा अभिमान छातीत मावत नव्हता.

वाल्मिक तिन्ही खोडं न्यायला आला. कडी अशी बसली की सुई जाणार नाही. त्यानं आत वाकून खूण पाहिली, बाला नमस्कार केला, खोडांना नमस्कार केला. माझ्याकडं पाहिलं, ओठ हलले... आणि "येतो" एवढंच म्हणून गेला.

*

दिवाळी गेली. भात कापून झालं, झोडून झालं. नदीवर गेले की स्टेशनाकडून इंजिनाची शिटी ऐकू यायची आणि घागर भरून वाहायला लागायची. आई म्हणे, "कान कुठं हायत गं तुझे?" मी म्हणे, "जागेवर." तो आला नाही. मला वाटलं, माझ्या तोंडामुळं गेला. मग वाटलं, गेला तर गेला. तोंड माझं आहे आणि बोलले ते खरं आहे. तरीपण रात्री उशी ओली व्हायची.

आणि एका सकाळी पडवीत उजेड अडला. वर पाहते तो वाल्मिक. खांद्यावर पोतं.

"घेतलं का बँडात?" मी विचारलं. नमस्कार नाही, या-बसा नाही.

"घेतलं."

"मग तोंड असं का?"

"तुमचा बा घरात हाय ना, म्हणून."

बा बाहेर आला. वाल्मिक उभ्यानंच सांगायला लागला. परीक्षेला तो बसला, तर बँडचा मुख्य मधेच थांबवून म्हणाला, हा मधला ढोल कुठला? विलायती? "मी म्हटलं, कर्जतजवळच्या दहिवलीचा. मग म्हणाला, कोणाच्या हातचा? मी म्हटलं, बुधाजी सुताराच्या लेकीच्या."

बाच्या भुवया वर गेल्या. "गावभर सांगितलंस?"

"बँडभर," वाल्मिक म्हणाला. "गावाला तुमी सांगा."

बा माझ्याकडं पाहत राहिला. मग जोरात म्हणाला, शेजारी ऐकू जाईल इतक्या जोरात, "सांगतो की! भितो काय मी? माझ्या लेकीनं केलेत!"

पोत्यातून वाल्मिकनं एक खोड काढलं. मी ओळखलं. माझं फसलेलं. पण आता ते फसलेलं नव्हतं. उतार पूर्ण केलेला, लहान तोंड नीट लहान, मोठं तोंड नीट मोठं, अंग गुळगुळीत. चांगली दणकट ढोलकी होणार होती ती. बानं आत हात घातला, आणि त्याचा हात थांबला.

"कोणी केलं हे?"

"मी. खालापूरला. बापाच्या रंध्यानं." वाल्मिकचा आवाज बारीक झाला. "त्यानं आधी दार उघडलं नाय. मग बाहेर येऊन बसला. मग म्हणाला, रंधा असा नाय, असा धर."

बानं पुन्हा आतून हात फिरवला. आंबट तोंड हळूहळू निवळलं.

"बरं हाय," तो म्हणाला. "पण खूण नाय केलीस."

"माझ्या घरची खूण ह्याच्यात नाय करायची. हे जिजानं सुरू केलं होतं." तो माझ्याकडं वळला. "अजून कातडं चढवलं नाय. मुद्दाम. म्हटलं... खूण तिनं केली तरच चढवायचं, आणि लग्नात वाजवायचं."

आत भांडं पडलं. ह्यावेळी आपटलं नव्हतं, हातातून सुटलं होतं.

बा पडवीच्या कोपऱ्यात गेला, पटाशी उचलली आणि माझ्यापुढं धरली. माझं उत्तर मागितलं, ते असं. मी पटाशीकडं पाहिलं, वाल्मिककडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. भर थंडीत.

"घाई नाय," तो म्हणाला. "तुझ्या मनात नसंल तर... नाय केलीस तरी चालंल..."

"चालंल?"

त्यानं जीभ चावली. मग पहिल्यांदाच मान खाली न घालता, बाच्या देखत, सरळ माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला,

"नाय. नाय चालणार, जिजा. तुझ्याबिगर मला नाय चालणार."

मी खोड मांडीवर घेतलं. आत, दोन्ही तोंडांच्या मधोमध, पटाशी टेकवली. उभी रेघ. वर दोन आडव्या.

माझा हात जरासुद्धा हलला नाही.