स्टुडिओ बंद होऊ नये म्हणून

यजमानांनी डाव्या हाताने फोटोंचा गठ्ठा टेबलावरून ढकलून दिला आणि फरशीभर चाळीस मुलांचे धूसर चेहरे पसरले...

"भिंत बघ," ते म्हणाले. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागे. पण जे ऐकायला नको तेच नेमकं स्पष्ट उमटे. "मुलांच्या मागची भिंत. वीट न वीट मोजून घे. मुलं तेवढी राहिली."

"उद्या शाळेत जाऊन परत काढते."

"परत बोलावतील तुला? डोळे असून आंधळी आहेस तू."

ती खाली बसून फोटो गोळा करू लागली. मुख्याध्यापिकाबाईंनी सकाळीच दुसऱ्या फोटोग्राफरला बोलावलं होतं, हे तिने सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? त्यांच्या जिव्हारी लागायचं ते लागलंच होतं, आणि तिच्या काळजाचं म्हणाल, तर ते गेल्या सात महिन्यांत इतकं सोलवटून निघालं होतं की नवी जखम कुठली आणि जुनी कुठली, हे तिचं तिलाही कळेनासं झालं होतं.

बावीस वर्षं ती एका रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, आणि तिचा शांत आवाज. घाबरलेली माणसं त्या आवाजाने सावरत. घराच्या पुढच्या खोलीत यजमानांचा स्टुडिओ होता. तिथल्या कॅमेऱ्यावरची धूळसुद्धा तिने कधी पुसली नव्हती, कारण त्यांना ते खपत नसे. मग एका सकाळी गिऱ्हाइकाचा फोटो काढता काढता त्यांच्या हातातून कॅमेरा सुटला, आणि पाठोपाठ तेही कोसळले.

घरी आणल्यावर नातेवाईक जमले. दीर म्हणाले, "आता जागा देऊन टाका कुणाला तरी. औषधांचं दुकान चांगलं चालेल." ते ऐकून यजमानांनी भिंतीकडे तोंड केलं, ते तीन दिवस वळवलंच नाही. अन्न नाही, शब्द नाही. चौथ्या दिवशी ती त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, "रुग्णालयात यंत्र बसवलंय, आम्हा ऑपरेटरांची गरज संपली. आता घरीच आहे, तर स्टुडिओ मीच उघडते." तेव्हा कुठे त्यांनी चार घोट पाणी घेतलं.

सकाळी ती फोटोग्राफीच्या वर्गाला जाऊ लागली. आपल्या निम्म्या वयाच्या पोरापोरींत शेवटच्या बाकावर बसायची, वहीत लिहून घ्यायची... ऍपर्चरचा आकडा लहान, तर भिंगातलं छिद्र मोठं. आकडा मोठा, तर छिद्र लहान. हे उलटं गणित तिच्या डोक्यात काही केल्या शिरेना. शटर मंद ठेवलं की माणसं पुसट होत, जलद ठेवलं की चित्र काळोखात बुडे. घरी विचारावं, तर ज्या माणसाच्या बोटांत ही सारी विद्या मुरली होती, तो स्टुडिओ आणि आतली खोली यांच्यामधल्या पडद्याआडून एवढंच म्हणे, "तुझ्याच्याने होणार नाही." त्या शब्दांतला विखार तिच्यासाठी नव्हता, स्वतःच्या मेलेल्या हातासाठी होता, हे ती जाणून होती. जाणून असल्याने दुःख कमी होतं थोडंच...

एका दुपारी तिची जुनी मैत्रीण, रुग्णालयात शेजारच्या खुर्चीवर बसणारी ऑपरेटर, पासपोर्टचा फोटो काढायला आली.

"तुझी खुर्ची अजून रिकामी आहे गं," मैत्रीण केस सारखे करत म्हणाली.

"हळू बोल." तिने पडद्याकडे बोट केलं.

"हळू काय बोलायचंय त्यात? सुपरवायझर म्हणून बढतीचं पत्र हातात आलेलं, आणि त्याच दिवशी राजीनामा लिहिलास. साहेब अजून विचारतात, बाईंना असं झालं तरी काय?"

पडद्यापलीकडे काठी फरशीवर आपटल्याचा आवाज झाला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दिवेलागणीला तिने पुन्हा ताट पुढे केलं, तेव्हा ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "यंत्र बसवलं म्हणाली होतीस."

"हो."

"मला विचारायचंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता. आणि भिंतीकडे वळून पडून राहिला असता. मला तेवढंच दिसत होतं हो..."

"आणि मी तुला आंधळी म्हणालो."

त्यांचा चेहरा हलला, पण अर्धाच. अर्धा रडत होता आणि अर्धा तसाच निश्चल होता. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिने ताट बाजूला ठेवलं आणि त्यांचं डोकं छातीशी धरलं.

"ती नोकरी परत मिळेल?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"नाही मिळणार. राजीनामा मागे घ्यायची मुदत कधीच टळली."

"माझा हातही नाही परत येणार. डॉक्टर स्पष्ट बोलले परवा. तुला सांगितलं नाही."

"मला ठाऊक आहे. मलाही बोलले होते."

धीराचे शब्द ना त्यांच्याजवळ उरले होते, ना तिच्याजवळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गाला निघाली, तर स्टुडिओतून खुरडत चालल्याचा आवाज आला. सात महिन्यांत पहिल्यांदाच ते पडदा ओलांडून आले होते. काठी टेकत, धापा टाकत, ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"आज वर्गाला जाऊ नकोस. माझ्यावर शीक," ते म्हणाले. "मी हलणार नाही. असं गिऱ्हाईक तुला मिळायचं नाही."

तिला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही कोसळलं. तिने कॅमेरा उचलला. कोपरं दोन्हीकडे फाकली होती.

"कोपर अंगाशी धर. श्वास सोड, मग दाब."

पहिले पाच फोटो वाया गेले. सहाव्यात निम्मं कपाळ कापलं गेलं. ते एकदाही रागावले नाहीत. मान दुखायला लागली तरी बसून राहिले, आणि ती पुसट, वेडेवाकडे फोटो एकामागून एक काढत राहिली. शेवटी दिव्याच्या दांड्यावर हात ठेवून तिने सवयीने विचारलं, "उजेड कोणत्या बाजूने घेऊ?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू ठरव," ते म्हणाले.

मग तिने दिवा उचलला आणि त्यांच्या लुळ्या पडलेल्या गालाच्या बाजूला नेऊन ठेवला. त्यांनी तोंड फिरवलं नाही.